साहेबांना मी सरळ विचारलं

निरगुडसर, मंगळवार, दिवस मावळताना

मी काय वाकडं बोलले न्हाई. माझी भाची मंगल टमाट्याच्या रोगावरच्या संशोधन केंद्रात मॅनेजर हाये. तिचा प्रकल्प मार्चला बंद व्हणार, दुसरी संस्था जोडीला आली तरच चालणार. त्या संस्थेच्या साहेबांना ती आज माझ्याकडं जेवायला घेऊन आली. मी मासवडी केली व्हती. जेवण सरत आलं तरी ही पोर आपली पाऊसपाण्याचंच बोलती. मग मीच वाढता वाढता म्हणलं, "साहेब, हिच्या कामात जोडी देताय का न्हाई, तेवढं सांगा."

साहेबांनी हातातली मासवडी ताटात ठेवली. "बघू, मेल करा," म्हणले.

गाडी गेल्यावर मंगल म्हणली, "आत्या, दोन वर्सं ओळख वाढवत आणली व्हती मी. असं विचारायचं नसतं गं."

मग कसं विचारायचं? आमच्यात घरी जेवलेल्या माणसाला काम सांगायला कोण लाजत न्हाई. दोन वर्सं नुसती ओळखच? पण ती मासवडी त्यांनी परत उचलली न्हाई. तेच लई डोक्यात बसलंय.

प्रकल्प बंद पडला तर मंगलची बदली पार तिकडं लांब नागपूरला. म्हणून तोंड उघडलं मी. तिला हे बोलले न्हाई, आन इथंबी आता आणखी काय लिहिणार न्हाई.