मंगलला कोथिंबीर सोसत नाही

७ जाने. १९९५, विश्रामबाग
गुडघे आज फारच. उद्या मेसच्या पोरांना कोथिंबीर वड्या, म्हणून जुड्यांचा ढीग आणला. सूनबाई निवडायला बसली आणि पदर तोंडाला लावून मोरीत पळाली. ओकली. मला वाटलं, गोड बातमी. तर मंगल म्हणते, "तसं काय न्हाई, आई. मला ह्याचा वास ढेकणागत येतो. ल्हानपणापासनं."
ढेकूण! लग्नाला सहा महिने झाले, आत्ता सांगते.

१० जाने.
आमटीवर आजही कोथिंबीर नाही. तिनं घातलीच नाही. पोरं कुरकुरली. मी बोलून गेले, "मेस पोरांच्या जिभेवर चालते, तुझ्या नाकावर नाही. नखरे माहेरी." ताट तसंच ठेवून उठली. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं तर शपथ.

१४ जाने.
संक्रांत. तिचे वडील न्यायला आले. तिळगूळ दिला, घेतला. गोड बोलणं राहिलंच. चार दिवसांसाठी म्हणून वाईला गेली.

२१ जाने.
आली नाही. चपात्या, भाजी, भांडी, सगळं एकटी. मसाल्याचे धने भाजले. हे काम ती आपणहून घ्यायची, गरम धने तळहातावर चोळून हुंगायची. धने चालतात, पाला नाही? खोटं तर बोलत नसेल? लेक राजू तिकडे जम्मूला ड्यूटीवर. त्याला काय सांगू...

२५ जाने.
राहवेना. साताऱ्याला गाडी बदलून वाईला गेले. विहीणबाईंनी जेवायला बसवलं. आमटी कोथिंबिरीनं हिरवीगार, आणि वाढायला मंगल. मी म्हटलं, "हिला वास सोसत नाही ना?"
विहीणबाई हसल्या. "कुणाला, मंगलला? आवं, जल्मापासनं खाती की! कवा काय बोलली न्हाई."
मंगलचा हात थांबला. माझ्याकडं बघितलं. खोटं बोलणाऱ्याचं बघणं नव्हतं ते.
सख्ख्या आईला नाही सांगितलं. मला सांगितलं. आणि मी—
म्हटलं, "माझाच घोटाळा झाला." खाली मान घालून जेवले.
स्टँडवर पोचवायला आली. माझी पिशवी तिच्याच हातात. म्हटलं, "चल की गं."
"बघते," म्हणाली.
नाही म्हणाली नाही. गाडी वळेपर्यंत तिथंच उभी होती.