काखेतला ताण

आप्पा, पुण्यात लष्कर भागातल्या त्या वाद्यांच्या दुकानात तुम्ही जे बोललात, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एरवी मी गप्प बसणारा माणूस नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिरूरच्या चौकात, रांजणगावला कंपनीच्या गेटवर, खुटबावच्या विहारासमोर, माईक हातात आला की मी तासभर बोलतो आणि लोक उठत नाहीत. तुमच्याविषयी बोलायचं म्हटलं की मात्र पहिलंच वाक्य अडतं. म्हणून बोलत नाही, लिहितो आहे.

चौंडक्यापासून सुरुवात करायला हवी. लाकडाचा पोकळ नळा, त्याच्या एका तोंडाला कातडं, कातड्यातून निघालेली एकच तार आणि तारेच्या टोकाला लाकडाची छोटी मूठ. नळा डाव्या काखेत दाबायचा, डाव्या हातानं मूठ ओढायची, उजव्यानं तार छेडायची. ताण वाढला की आवाज चढतो, सैल सोडला की लोळत खाली येतो. तुमच्या आईनं ते काखेत धरून दारोदार जोगवा मागितला होता. आपण धर्म बदलला तेव्हा देव्हारा गेला, परडी गेली, कवड्यांची माळ गेली. चौंडकं राहिलं, कारण त्याच्यावर तुमचा जीव होता. दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये दिवसभर रुळांवर राबून तुम्ही घरी येता, हातपाय धुता आणि पायरीवर बसून ते काखेत घेता. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "भाकरी टाकू का?" तुम्ही तोंड उघडत नाही. तार खालून वर चढते, म्हणजे व्हय. "कालवण तिखट झालंय का?" तार वरून खाली येते, म्हणजे न्हाई. आई म्हणते, "ह्या माणसाच्या तोंडाला काय कुलूप लागलंय का?" आणि चौंडकं पुन्हा व्हय म्हणतं. मी अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरून हसतो.

जयंतीच्या गाण्यांतही तुम्ही तेच वाजवायचात. कमिटीतली काही माणसं कुजबुजायची, देवीचं वाद्य इथं कशाला? मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. वाचनालयाची दोन कपाटं वाचून झाली होती आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या खिशात होतं. त्या वर्षी मला पहिल्यांदा पाच मिनिटं बोलायला दिली. मी म्हणालो, "ज्या तारेवर आपल्या आज्यांनी दारोदार भीक मागितली, ती तार या मंचावर कशाला? तोडा ती तार!" तशी टाळी मी तोवर ऐकली नव्हती. तुम्ही माझ्या मागंच गाणाऱ्यांत बसला होता, चौंडकं काखेत. टाळी थांबायच्या आत तुम्ही उठलात, ते मंचाच्या कडेला आडवं ठेवलंत, खाली उतरलात आणि लोकांत जाऊन बसलात. तिथं बसून तुम्हीही टाळ्या वाजवल्यात. ते मी पाहिलं, आप्पा. पाहून भाषण आणखी जोरात पुढं नेलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः कातडं सोडवलंत, तार गुंडाळून ठेवलीत. उरलेल्या नळ्याला खालून पत्र्याचं बूड बसवून आईनं त्यात उलथनं, पळी, झारा ठेवायला सुरुवात केली. पुढं कित्येक वर्षं मी जेवायला बसलो की तो समोर असायचा. तुम्ही कधी त्याच्याकडं पाहिलं नाही, निदान माझ्यासमोर नाही. आई विचारायची, भाकरी टाकू का, आणि तुम्ही नुसती मान हलवायचात.

माझं म्हणणं चूक होतं असं मी आजही लिहिणार नाही. पोरींना देवीला सोडणं, बायकांच्या हातात परडी देऊन त्यांना दारोदार पाठवणं, याविरुद्ध मी उद्याही तितक्याच चिडीनं बोलेन. पण पोरींना तारेनं सोडलं नव्हतं, माणसांनी सोडलं होतं. एवढी साधी गोष्ट दोन कपाटं वाचून मला कळली नव्हती. मला समोर गुन्हेगार हवा होता आणि तुमच्या काखेतली वस्तू हाताशी होती.

मग मला रांजणगावला नोकरी लागली, शिरूरला खोली घेतली, कंपनीतल्या चारपाच जणांनी मिळून जयंतीच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा काढला. मी बेस गिटार धरली. चार जाड तारा, गाण्याच्या पायाशी घुमत राहायचं काम. पण मला तेवढ्यावर समाधान नव्हतं. सूर चढला पाहिजे, उतरला पाहिजे, घसरला पाहिजे, असं मी सारखं म्हणायचो. का म्हणतो ते मला कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आमचा कीबोर्डवाला वैतागून म्हणाला, "पायानं सूर वाकवायचं पेडल मिळतं, ते आण आन् आमचं डोकं खाऊ नको." मी दौंडला आलो, दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं पुण्याला जायचं म्हणून. तुम्ही निवृत्त झाला होता. चप्पल घालत म्हणालात, "मी बी येतो. घरी तरी काय करू?"

दुकानदार पोरगा तुमच्या टोपीकडं बघून माझ्याशीच बोलत होता. त्यानं दोन पेडलं मांडली. एक लहान पेटी होती. बटण दाबलं की सूर वरच्या पट्टीत जायचा, सोडलं की मूळ जागी. दुसरं पाऊलभर लांबीचं, वर हलती फळी असलेलं. चवडा जितका दाबावा तितका सूर चढायचा. मी लहान पेटी घ्यायचं ठरवूनच आलो होतो. मासिकात वाचलं होतं. पोरगाही म्हणाला, "हेच घ्या, यात सूर चुकत नाही." तुम्ही स्टुलावर, टोपी गुडघ्यावर, डोळे मिटलेले. म्हणालात, "ती पेटी नुसती उडी मारती. मधी कुठं ऱ्हातच न्हाई. दुसरं वाजीव."

मी सवयीनं सगळ्यात जाड तार जोरात मारली आणि फळी दाबली. आवाज अडखळला, चूळ भरल्यासारखा गुरगुरला. पोरगा म्हणाला, "जाड तारेवर ते असंच गडबडतं, बेसला नका घेऊ." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "बारीक तारंवर मार. आन् एकदाच मार, झोडपू नको. भाषण न्हाई ते." पोरगा हसला, माझे कान तापले. मी बारीक तार एकदाच छेडली. "हां. आता दाब. सावकाश. आरं, सावकाश म्हंजी काय कळतं का? सरक तिकडं." तुम्ही उठलात, चप्पल काढलीत आणि भेगाळलेलं पाऊल त्या फळीवर ठेवलंत. "तू छेड." मी छेडली. सूर खालून निघाला, मध्ये क्षणभर रेंगाळला आणि वर चढला. व्हय. आपल्या पायरीवरचा व्हय, आप्पा, जसाच्या तसा. तुमचा डावा खांदा आपोआप काखेवर दाबला गेला होता. "काखंतला ताण पायात आणलाय लेकानं," तुम्ही स्वतःशीच म्हणालात.

मग माझ्याकडं न बघता तुम्ही त्या पोराला विचारलंत, "ह्याच्या मागं कुठली देवी न्हाई ना?"

"काय म्हणालात काका?"

"न्हाई, आमच्या पोराला चालत न्हाई. देवी नसंल तर द्या बांधून."

परतीच्या गाडीत तुम्ही शेंगा फोडून दाणे माझ्या तळहातावर ठेवत होता. यवत गेलं, खुटबाव गेलं, केडगाव गेलं. मनात माफीचं चांगलं तयार झालेलं वाक्य होतं. दौंड आलं आणि मी पेडलची पिशवी घेऊन तुमच्या पुढं उतरलो.

त्या जयंतीला भांडगावात मी ते पहिल्यांदा वाजवलं. पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, "ह्यो आवाज वळखीचा हाय रं, कशाचा म्हनायचा?" मी माईकवरून सांगितलं, "परदेशी मशीन आहे, आजी." तुम्ही तिसऱ्या रांगेत होता. तुम्ही हसलात. पुढची जयंती तुम्ही पाहिली नाहीत.

आई गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरातून मी फक्त तो नळा आणला. आता तो शिरूरला आमच्या ओट्यावर आहे, उलथन्या-पळीसकट. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा घडी करून त्याच्याच तळाशी टाकेन. टाकण्याआधी एक सांगून टाकतो. ते भाषण लोक अजून मागतात आणि मी ते अजून करतो. तारेचं वाक्य मी त्यातून काढलेलं नाही. गेल्या जयंतीलाही म्हणालो, टाळी घेतली, मग गिटार गळ्यात अडकवून त्याच मंचावर तुमच्या पेडलवर पाय ठेवला.