खांबाची पलीकडची बाजू

३ मार्च
वरून पत्र आलं. ही सीमा आखली त्याला शंभर वर्षं झाली, पुस्तिका काढणार म्हणे! चौकीच्या इतिहासातले ठळक प्रसंग आठवड्यात कळवा. मी सीमेचे खांब रंगवणारा माणूस. पण चौकीवर दुसरं आहे कोण?

४ मार्च
लिहिलं. लढाई. तह. पूल बांधला. पूल उडवला. चार ओळींत शंभर वर्षं आटोपली. पाठवून दिलं.

७ मार्च
खांब क्रमांक एकेचाळीस. माझी बाजू पांढरी करून झाली. पलीकडची पिवळी यंदाही तशीच, पोपडे आलेली. त्यांची बाजू त्यांनीच रंगवायची. तिला ब्रश लावला तर नोकरीवर गदा!

बावीस वर्षं पलीकडून रंगवायला एक डावखुरा यायचा, मी त्याला डावरा म्हणायचो. नावं आम्ही कधी विचारलीच नाहीत. रंगवून झालं की याच खांबाला पाठ टेकून बसायचो — तो त्याच्या देशात, मी माझ्या — आणि डबे अदलाबदल. "तुझी रेघ वाकडी," तो म्हणायचा. "तुझा देशच वाकडा," मी. माझी बायको गेली त्या वर्षी माझा ब्रश त्यानेच धुतला.

दोन वर्षांपूर्वी भेटीगाठींवर बंदी आली. तेव्हापासून ही बाजू कोरडीच. आहे की गेला, कुणाला विचारू?

११ मार्च
दिवसभर कुणाशी बोललो नाही. किटलीला दोन शिव्या घातल्या, त्या धरायच्या का?

१४ मार्च
साहेबांचा फोन. यादी त्रोटक वाटली, आणखी काही आठवतं का म्हणाले. नाही म्हटलं. जाता जाता सांगितलं — आता तारेचं कुंपण येणार, एक तारखेला सगळे खांब उपटणार. "तुला आराम," म्हणे. आराम! खांबच गेले तर डावऱ्याचं मला कधीच कळायचं नाही.

२० मार्च
काम नसताना एकेचाळीसपर्यंत चालत गेलो. कोरडीच. डबा एकट्याने खाल्ला, खांबाला टेकून. रडू आलं. लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय!

३१ मार्च
शेवटची फेरी. एकेचाळीसची पलीकडची बाजू ओली! पिवळी! तेच डाव्या हाताचे तिरके फटकारे. पण कमरेच्या उंचीपर्यंतच — बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढेच.

पलीकडे पाऊल टाकलं. वरचं राहिलेलं मी रंगवलं. माझ्याकडे पांढराच होता.

मग साहेबांना फोन केला. यादीत एक प्रसंग राहिला होता.