रोज एक पुडी

४ जून

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट आले. ल्युपसचा आजार आहे तिथेच आहे, पण अंगातलं डी व्हिटॅमिन पार तळाला गेलंय. हाडं ठणकतात ती त्यामुळेच म्हणे. उन्हात बसावं तर ऊन मला वर्ज्य. जरा लागलं की गालांवर चट्टे आणि आत किडनीला सूज. इकडे आड, तिकडे विहीर! पोहायला शिकवणारी बाई मी, आता तलावाच्या तिकीट-खिडकीत पडदा ओढून बसते. माझी शिकाऊ बेडकं बाहेर डुंबतात आणि मी पावत्या फाडते.

डॉक्टरांनी पुडी दिलीय, आठवड्यातून एकच, दुधातून. हाडं सावरली की ऊन उतरल्यावर पाण्यात उतरायला हरकत नाही म्हणाले. त्या एका वाक्यावर जगतेय बघ. औषधांचा ताबा आईने घेतलाय.

लोभ आहेच, तुझ्या आळसाने तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न.

बोगद्याचं काम लांबलं. मीही दिवसभर जमिनीखाली, त्यामुळे इथल्या डॉक्टरने मलाही तीच पुडी दिलीय. सूर्याने आपल्या घराशी वैरच धरलंय! मी दोनदा विसरलो. तुझं बरं, आई विसरायची नाही.

डिसेंबरात येतो. तेव्हा मला पोहायला शिकव. सख्खा भाऊ दगडासारखा बुडतो, यात तुझीच बदनामी आहे.

लोभ वाढव, रागावणं कमी कर.
बोक्या

२० सप्टेंबर

चि. बोक्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

ताईला दवाखान्यात ठेवलंय. उलट्या थांबत नाहीत, तहान भागत नाही, मध्येच बरळते. किडन्या थकल्या म्हणतात.

मी काय कमी केलं रे? आठवड्याला एक पुडी लिहिली होती, पण एवढा खड्डा एका पुडीने कसा भरायचा? मी रोज एक घालत आले. दुकानदार ओळखीचा, देतो. ताईला बोलले नाही, ती लगेच नियमावर बोट ठेवते. व्हिटॅमिनच ते, जास्त गेलं तरी अंगीच लागणार. इथे बाहेरचं काही देऊ देत नाहीत. तू डॉक्टरांशी बोल, निदान पुडी तरी चालू राहू दे.

जिवाला जप. तुमच्याशिवाय मला कोण आहे?
आई

९ ऑक्टोबर

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फोनमुळे डॉक्टरांना रोजच्या पुडीचं कळलं. पुड्या थांबल्या, पण किडन्या आता परत येणार नाहीत, हे त्यांनी स्पष्टच सांगितलं. निम्म्या आधीच ल्युपसने खाल्ल्या होत्या, बाकीच्या रोजच्या पुडीने गेल्या; जास्तीचं डी व्हिटॅमिन विषच ठरतं म्हणे. आता कायमचं डायलिसिसचं मशीन. मानेत नळी आहे, ती भिजवायची नाही. म्हणजे तलाव संपला. बेडकांना नवे सर मिळालेत.

आईवर खूप रागावले होते रे. भिंतीकडे तोंड करून पडले. ती बिचारी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, की माझ्या हातून एक दिवस चुकला नाही, तरी पोरीचं असं का व्हावं.

आईला काही कळता कामा नये, तुला माझी शपथ. डॉक्टरांनाही बजावलंय. आजारानेच झालं, बस.

काल माझी वेणी घालता घालता तिने स्वतःच पुड्यांचं कबूल केलं. मग हळूच विचारलं, रोजची एक कमी पडली का. मी सांगितलं, पुरेशी होती.

डिसेंबरात ये. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, आईवरचा तसूभरही कमी होऊ देऊ नकोस.
तुझी ताई