घड्याळवाल्या बाईंचा गाळा

३ फेब्रुवारी
नवी वही. नियम एकच: इथे सबबी लिहायच्या नाहीत. कोर्टात ऐकते तेवढ्या पुरेत.

व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि मालमत्तेचा हक्क, यासाठी एकतीस वर्षं भांडले. आता शेवटची मोठी केस. रस्ता रुंदीकरणात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंचं दुकान जातंय. वडिलांपासूनचं, आठ फूट बाय सहा. बाई म्हणाल्या, मॅडम, मला भाषण नको, गिऱ्हाइकाला सापडेल अशी जागा पाहिजे. म्हटलं, जागा नव्हे, हक्क मागू. त्या म्हणाल्या, मागा, पण हक्काला शटर असू द्या.

हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत जाणार. नक्की.

११ फेब्रुवारी, सकाळी ११
नगरपालिकेचं पत्र. केस मागे घेतली तर समोरच्याच नव्या इमारतीत तळमजल्यावर गाळा, मालकीचा. पंधरा दिवसांत कळवा.

म्हणजे घाबरले! आपली बाजू भक्कम असल्याचा आणखी काय पुरावा हवा?

कारकुनांनी विचारलं, बाईंना फोन लावू का. वीस वर्षं माझ्याकडे आहेत, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. म्हटलं, असलं फोनवर सांगायचं नसतं. मी स्वतः सांगते. उद्या.

१४ फेब्रुवारी
फार कामं. उद्या.

१८ फेब्रुवारी
बाई आल्या होत्या. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ न सांगता उतरवलं, साफ केलं, परत लावलं. सांगणारच होते. पण त्या इतक्या खुशीत होत्या! शिवाय कळलं तर गाळा घेऊन मोकळ्या होतील. मग मुद्दा कोण मांडणार? अशिलाला मोहापासून वाचवणं हेही वकिलाचंच काम.

हे वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं. बरं दिसत नाही, पण बरोबर आहे.

२३ फेब्रुवारी
नवऱ्याला सगळं सांगितलं, अशील कोण ते न सांगता. म्हणाला, माझी आरामखुर्ची मला न विचारता भंगारात दिलीस, तेव्हाही माझ्या पाठीचं भलंच करत होतीस. विषय भलतीकडे नेतो. जेवण गेलं नाही.

२६ फेब्रुवारी, शेवटचा दिवस
दुपारी बाईंना बोलवायचं पक्कं केलं होतं. पण जेवणानंतर युक्तिवादाचं तेविसावं पान सुचलं. इतकं सुरेख सुचलं की पाच वाजून गेले. कारकुनांनी विचारलं, पत्र कुठे लावू? फाइलच्या तळाशी, म्हटलं. त्यांनी सगळ्यात वर लावलं.

९ मार्च
शेजारच्या इस्त्रीवाल्याला गाळा मिळाला. बाईंनी विचारलं, आपल्याला कसं काही आलं नाही? तोंडातून गेलं, प्रक्रिया चालू आहे. सरकारी वकिलांच्या याच वाक्याच्या मी एकतीस वर्षं चिंध्या करत आले. बाई म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून निवांत झोप लागते.

मला लागत नाही. ठरवलं: निकालानंतर सगळं सांगायचं. जिंकल्यावर कोण विचारतं?

२ एप्रिल
सुनावणी. सत्तेचाळीस पानांतलं तिसरं पान चालू होतं, न्यायाधीशांनी थांबवलं. पर्यायी गाळा का नाकारला? नगरपालिकेच्या वकिलाने पत्राची पोच दाखवली. सही माझी. न्यायाधीशांनी विचारलं, अशिलाला कळवलं होतं ना?

मागच्या बाकावरून बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुठला गाळा?

अर्ज फेटाळला. निकाल चार ओळींचा.

५ एप्रिल
बाई आल्या. बसल्या नाहीत. अपिलासाठी दुसरा वकील करणार, माझी ना-हरकत हवी. ताबडतोब मान्य केलं. आपला वकील आपण निवडणं हे व्यक्तिस्वातंत्र्यच, आणि त्याच्या आड मी कधीच आले नाही.

माफीचे मुद्दे काढून ठेवले होते, सात. पहिला मुद्दा ‘पार्श्वभूमी’. त्यांनी हात वर करून थांबवलं. विचारलं, तुम्ही मला अडाणी समजलात की हावरी? म्हटलं, दोन्ही नाही. त्या म्हणाल्या, मग विचारायला काय झालं होतं?

ना-हरकतीच्या कागदावर सही केली, पुढे सरकवला. त्यांनी तो उचलला नाही. बोटाने परत माझ्याकडे ढकलला आणि म्हणाल्या, मोठ्याने वाचा, मॅडम. तारखेसकट, सगळं.

वाचलं.