कागदी कपाची भानगड

जऊळका,
मंगळवार, दुपार

श्रीयुत पंजाबराव यांले,

तुमच्या बहिणीचा नवरा जगदेव याचा रामराम. तुमची शुगर, वहिनीचे गुडघे अन् वाशीमच्या घरावरचा अर्धा राह्यलेला स्लॅब, तिन्ही बरे असतील असं धरून चालतो. आमच्याकडे सारे जित्ते आहेत, यापरीस जास्त लिहायची माही हिंमत नाही. जवायानं साळ्याले आधी रामराम घालावा अशी आपल्यात रीत नाही. जवाई म्हणजे लग्नात रुसून बसणारा माणूस. पण अकरा दिवसांत मी तुमाले सत्तावीस फोन लावले, तुमी एकही उचलला नाही. तुमचं बरोबरच आहे. मी तुमच्या जागी असतो तं नंबरच ब्लॉक केला असता. म्हणून हा कागद. फाडायचा असन तं फाडा, पण आधी वाचा.

आमच्या सुचिताची सोयरीक तुमीच आणली होती. शिरपूरच्या रिटायर गुरुजीचा पोरगा धीरज, अणुवीज केंद्रात, सुरक्षा विभागात. आता सुरक्षा म्हटलं का माह्या डोळ्यापुढं शिट्टी अन् दंडुका येते. मी गावभर सांगत फिरलो का पोट्टं चौकीदार आहे, पण पक्क्या नोकरीचं आहे. (सुचितानं एकदा समजावून सांगतलं होतं का बाबा, ते गेटवरची सुरक्षा नाही, नळी फुटू नये, गळती होऊ नये, कामावरच्या माणसाले बाधा होऊ नये, हे पाहायचं त्याचं काम. मी हो हो म्हणून वांग्याले पाणी सोडाले निघून गेलो.) पोट्टीले पोट्टं पसंत होतं. दोघांचं फोनवर बोलणं सुरू होतं. आतल्या खोलीतून तिचं हासणं आयकू ये, अन् ते तसं हासणं मी तिच्या बारावीच्या निकालापासून आयकलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो. मी काय मोडलं ते तुमाले समजलं पाहिजे.

आता पिक्चरचं. पाहुणे शनिवारी येणार, तं शुक्रवारी मी स्टेशनजवळच्या गोविंदसिंगाच्या मोबाईलच्या दुकानात बसलो होतो. होणाऱ्या जवायाचं कामधाम सांगतलं, तं तो म्हणे, अणुवीज म्हणजे मामला सोपा नाही जगदेवभाऊ, त्याच्यावर एक थ्रिलर पिक्चर आहे, हिंदीत डब केलेला, पेन ड्राइव्हमध्ये भरून देतो. घरी येऊन टीव्हीले लावला. बाप्पा, काय पिक्चर! वीज केंद्रातल्या नळीले तडा गेला, मोठा साहेब ते दाबून राह्यला, खालचे लोक न पाहताच सह्या करून राह्यले. एक पोरगा बोंबलून राह्यला का केंद्र बंद करा, त्याचं कोणी आयकत नाही. मंग कँटीनमध्ये एक माणूस चहा पेते अन् तिथंच पडते. पांढरे कपडेवाले येतात, त्याचा कप चिमट्यानं उचलतात, पिशवीत टाकतात, पिशवीले सील करतात. अन् तिथंच आमच्या फीडरची लाइन गेली. (वीज कशी बनते त्याच्या पिक्चरच्या मधातच वीज जावी, याले काय म्हणावं.) लाइन सकाळी आली, पण तवा घर सारवायचं, पोह्याचं पाहायचं, म्हणून राह्यलेला पिक्चर राहूनच गेला. माह्या डोक्यात मात्र तो चिमटा बसला. मले वाटलं, अणुवाल्या माणसानं तोंडाले लावलेला कप म्हणजे संपलंच.

ज्याले अर्धं समजते तो पूर्ण करून दाखवते. मी सकाळी साधनाले सांगतलं का पाहुण्याले चहा आपल्या नव्या कपबशीत दे, अन् पोराले कागदी कपात. तिनं काहून म्हणून विचारलं, मी म्हटलं आजकाल शहरात तशीच फॅशन आहे. (तुमची बहीण भोळी आहे, तिच्यावर राग धरू नका.) पोराची खुर्ची दरवाजाजवळ ठेवली, वारा बाहेर जाईन अशी. गोविंदसिंगानं माह्या फोनमध्ये किरणं मोजणारं कायतरी टाकून देल्लं होतं, ते सुरू करून फोन खिशात ठेवला. धीरज पाया पडाले वाकला तं खिशातून टिकटिक, टिकटिक. मले दरदरून घाम फुटला. (ते वांग्याजवळही टिकटिक करते, बैलाजवळही करते अन् खुद्द गोविंदसिंगाजवळ सर्वात जास्त करते, हे मले रविवारी समजलं.)

चहा आला. गुरुजीले कपबशी, त्याच्या मायले कपबशी, मले कपबशी, पोराले कागद. त्याच्या मायनं एकदा कपाकडे पाह्यलं, एकदा माह्याकडे. पोरानं चहा पेला, चांगला झाला म्हणे, अन् कप फेकाले स्वतः उठला. मी म्हटलं राहू दे, अन् सैपाकघरातून सांडशी आणली. मी सर्वांच्या देखत तो कप सांडशीत धरला, हात लांब करून आंगणातल्या चुलीत नेऊन टाकला, अन् तो बसला होता ती खुर्ची पाण्यानं धुवाले घेतली. तो अजून उभाच होता.

गुरुजीनं अर्धा चहा खाली ठेवला. त्याची माय डोळ्याले पदर लावून गाडीत जाऊन बसली. त्याइले वाटलं, आमच्या कुळात काही खोट काढली यानं, म्हणून पोराले वेगळा कप. गुरुजीनं फक्त हात जोडले. धीरज मात्र जाताना माह्याजवळ आला अन् हळूच बोलला, "काका, मले रोज दोनदा किरणं मोजणाऱ्या मशीनपुढं उभं करतात. त्या मशीननं कधी माही लाज नाही काढली."

तो गेला. सुचितानं आतून कडी लावली. तवापासून ते पोट्टी माह्याशी एक शब्द बोलली नाही. जेवण वाढते, पाणी देते, बोलत नाही. मीठ पाहिजे का हे सुद्धा तिच्या मायच्या तोंडून विचारते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी राह्यलेला पिक्चर पाह्यला. तो कँटीनवाला माणूस किरणानं मेलाच नव्हता. साहेबानं त्याच्या चहात जहर टाकलं होतं, कारण त्याले तडा माहीत झाला होता. चिमटा होता तो पोलिसांच्या पुराव्यासाठी. अन् सारं गाव वाचवते कोण, तं तोच बोंबलणारा पोरगा, अन् त्याच्या छातीवर पट्टी कोणती, तं सुरक्षा विभाग. मी टीव्ही बंद केला. माह्यासारखा भैताड साऱ्या वाशीम जिल्ह्यात दुसरा निघणार नाही.

इथवर तुमी हासले असान तं हासा. पण खरी गोष्ट पुढं आहे, अन् ते मी साधनालेही सांगतली नाही. आमच्या वावरात मेथीच्या जुड्या बांधणारी दुर्गाबाई तुमाले माहीत आहे. त्या दिवशी ते आंगणातच होती, तिनं सारं पाह्यलं. काल मी तिच्याजवळ मन मोकळं करत होतो का दुर्गाबाई, एका पिक्चरपायी माही अक्कल गेली, नाही तं आमच्या घरी पाहुण्याचा असा अपमान कधी झाला नाही. तिनं जुडी बांधता बांधता सांगतलं, "जगदेवभाऊ, तुमच्या गोठ्याच्या वळचणीले खोचलेल्या बिनकानाच्या कपात मी वीस वर्षं चहा पेली. तवा कोणता पिक्चर लागला होता?"

मायले, म्हणजे आमच्या गोजराबाईले, जाऊन नऊ वर्षं झाली. ते गेली तवा तिनं वेगळा ठेवलेला तो कप मी फेकून देल्ला अन् समजलो का फिटलं. त्याआधी इतकी वर्षं रोज तो कप माह्या डोळ्यापुढं होता, पंजाबराव, अन् मले एक दिवस लाज वाटली नाही. लाज वाटली ते माह्या पोट्टीची सोयरीक मोडली तवा. दुर्गाबाईनं काल जुड्या मोजून देल्ल्या अन् घरी गेली.

मोठ्यांले नमस्कार, लहानांले आशीर्वाद. स्वतःले काय म्हणून सही करावी ते समजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

जगदेव

ता. क. एक : गोविंदसिंगावर केस करता येते का, हे तुमच्या ओळखीच्या वकिलाले विचारून ठेवा. नाही तं राहू द्या. पिक्चर त्यानं पूर्णच देल्ला होता.

ता. क. दोन : खरं काम हे आहे. सुचितानं मायच्या हाती निरोप देल्ला का मामा येत असन तं येत्या रविवारी ते तुमच्यासंगं शिरपूरले जाईन. माह्यावतीनं माफी मागणार नाही म्हणे, ते ज्याची त्यानं मागावी. ते फक्त धीरजले विचारणार का अजून जमते का. तं या तुमी. मी संगं येत नाही. मले बोलावतील तवा मी एकटा जाईन अन् गुरुजीच्या पाया पडीन.

ता. क. तीन : तिथं हो म्हणोत का नाही म्हणोत, तुमी मले फोन करून सांगू नका. साधनालेही सांगू देऊ नका. मी घरीच राहीन. तेवढं एक तिलेच येऊन मले सांगू द्या.