आबांचा नवा वस्तरा

शिवकन्या,

आबांचा नवा वस्तरा घेऊन मी मानवतला जायलोय. जेवायला थांबू नको. ओट्यावर रक्ताचा टॉवेल दिसंल, घाबरू नको. आबा बरे हायेत.

लकव्यानंतर आज पहिल्यांदाच आबा स्वतःच्या हातानं दाढी करायला बसले. वस्तरा मी चकाकी बघून घेतला नव्हता. पातं सरळ हाय का आन् मुठीत बरोबर मधोमध मिटतंय का, ते बघून घेतला होता. दुकानदार म्हणला, "धार लावलेलीच हाय." मी तेच आबांना सांगितलं. पण पहिल्याच हाताला केस ओढले आन् हनुवटी कापली. आबांनी वस्तरा खाली ठेवला. म्हणले, "परमेश्वर, हात गेला रं माझा."

मी लय सांगितलं की वस्तऱ्यालाच धार न्हाई. त्यांना वाटलं, मी समजूत काढायलोय. मग मी तोच वस्तरा माझ्या गालावर फिरवला. मलाबी लागलं. आबा बघतच राहिले, मग इतके हसले की खोकला आला. "जा, दगडावर धार लावून, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून आण," म्हणले.

सलूनवाल्याला घरी बोलावू नको. मी आल्यावर आबा स्वतःच करतील. तवा जवळ उभी राहू नको, त्यांना आवडत न्हाई. मी दाराआड थांबीन, हाक मारली तरच आत जाईन. पण त्यांची दाढी होईस्तोवर काळजीनं माझ्याच्यानं एका जागी बसवणार न्हाई.

परमेश्वर